सोमवारपासूनची आंघोळ

नलूला एक आत्या होती आणि एक बाई होत्या. दोघींचं नाव सुमती, दोघींचा चष्मा एकच आणि छत्रीही एकच. पण नलूच्या लेखी ही दोन माणसं होती. चाळीचा जिना उतरून गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत ती आत्या असे. शाळेचं फाटक ओलांडलं की तिच्या बाई होत. फाटकाबाहेर ‘आत्या, पेन्सिल हरवली’ म्हटलं तर नवी पेन्सिल मिळे. फाटकाच्या आत तेच म्हटलं तर उठाबशा मिळत. नलूची याबद्दल काही तक्रार नव्हती. देवसुद्धा देवळात वेगळा वागतो आणि घरात वेगळा, हे तिनं पाहिलेलं होतं.

जीव मात्र तिचा दोघींवर सारखाच. मोठेपणी कोण होणार, असं कुणी विचारलं की वर्गातल्या मुली डॉक्टरीण, नर्स, एखादी राणी असं काहीबाही सांगत. नलू सांगे, “सुमतीआत्या.”

घर गिरगावातलं. पूर्वी म्हणे यांची स्वतःची वाडी होती, वाडीत नारळी होत्या, दाराशी घोडागाडी होती. आता दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक मोरी आणि गॅलरीचा वाटणीला आलेला तुकडा. वाडीपैकी पाणी तापवायचा तांब्याचा बंब तेवढा वाचला होता, आणि घरातली माणसं त्याच्याशी अजून वाडीच्या मालकासारखी बोलत.

घरचे कर्ते म्हणजे नलूचे आजोबा, अप्पा. आयुष्यभर सेक्रेटरिएटात हेडक्लार्की केली. पेन्शनीत निघाल्यावर माणसं हरिपाठ हाती घेतात. अप्पांनी महाराष्ट्र हाती घेतला. महाराष्ट्र तेव्हा यायचा होता. तो यावा म्हणून अप्पांनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, आणि येताना वजन वाढवून आले, असं त्यांची सून दुर्गा म्हणे. म्हणजे नलूची आई. पण ती हे हळू म्हणे. संध्याकाळी अप्पा गॅलरीत उभे राहून शेजारच्यांना आणि कुणी नसलं तर खालच्या भय्याला समजावून सांगत की आता जात नाही, पात नाही, मराठी माणूस तेवढा एक. हे सांगताना त्यांचा कंठ दाटून यायचा. भय्याचाही यायचा, तो बिचारा उत्तरेकडचा होता.

नलूच्या वर्गात मालन आली ती दिवाळीनंतर.

मालनची आई कमलाबाई शाळेजवळच्या एका प्रसूतिगृहात आया होती. राहायची वरळीला, बीडीडी चाळीत. सकाळी पोरीला बरोबर घेऊन यायची आणि संध्याकाळी बरोबर घेऊन जायची. नाव घालायला ती आली तेव्हा नलू ऑफिसच्या दाराशी खडू न्यायला म्हणून उभी होती आणि खडू मिळाल्यावरही उभीच राहिली होती. कमलाबाईंनी आधीच्या शाळेची हकिकत सांगितली. तिथं पोरीला दाराशी बसवत. पाणी वरून ओतत. आम्ही आता बौद्ध झालो, असं पोरीनं सांगितलं, तर मास्तर म्हणाले, हो का, मग ओंजळ जरा आणखी खाली धर.

“तसं इथं झालं तर मी नाव काढीन, बाई,” कमलाबाई म्हणाल्या. “आधीच सांगते. मग तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.”

सुमतीबाईंनी चष्मा काढून पुसला. गहिवरल्या की त्या चष्मा पुसत. बापाचा कंठ लेकीच्या चष्म्यात उतरला होता. त्या म्हणाल्या, “माझ्या वर्गात तिच्या डब्यातला पहिला घास मी घेईन. रोज. आणखी काय सांगू?”

कमलाबाईंनी आणखी काही मागितलं नाही. नलूला मात्र आपल्या बाईंचा इतका अभिमान वाटला की हातातला खडू मोडला.

दुसऱ्या दिवसापासून तिसरी ‘अ’मध्ये अंगत-पंगत सुरू झाली. मधल्या सुट्टीत बाकं भिंतीला लावायची, गोल करून बसायचं, सगळे डबे मध्ये ठेवायचे आणि आपला सोडून दुसऱ्याचा उचलायचा. सुमतीबाई गोलातच बसत आणि कबूल केल्याप्रमाणे पहिला हात मालनच्या डब्यात घालत. ज्वारीची भाकरी आणि लसणीची लालभडक चटणी. पहिल्या दिवशी चटणीनं बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मुलांना वाटलं, पुन्हा गहिवरल्या.

लहान मुलांचं मन म्हणजे कोरी पाटी, असं बाईंचं मत होतं. हेडमास्तरांना ते पटलं. पटलं नाही ते फक्त तिसरी ‘ब’च्या तात्या मास्तरांना. तात्या मास्तर कुणाच्या हातचं खात नसत. कुणाच्याच. स्वतःचं पाणी फिरकीच्या तांब्यातून आणत, डबा कपाटाआड भिंतीकडे तोंड करून खात. निकालाचा पेढा हेडमास्तरांनी दिला तरी तो मुकाट्यानं खिशात जायचा, आणि मास्तरांच्या मागून मुंग्यांची रांग जायची, असं मुलं सांगत. अंगत-पंगतीबद्दल त्यांचं मत कुणी विचारलं नाही, तरी त्यांनी दिलं. म्हणाले, पाटी कोरी असते हे ठीक. पण पाटीवर कोण कुठल्या वेळी लिहितं, ते तुम्हाला दिसतं का? सुमतीबाई यावर नुसत्या हसल्या. जुन्या माणसांच्या बोलण्यावर हसण्याचा तो काळ होता.

आणि प्रयोग तर दृष्ट लागावी असा चालला होता. महिन्याभरात मालनच्या चटणीसाठी मारामाऱ्या होऊ लागल्या. मालन नुसती चटणीवर थांबणारी नव्हती. महाराष्ट्र मागणाऱ्या समितीच्या सभेची दवंडी देत लॉरी फिरायची, तिच्या कर्ण्याची ती हुबेहूब नक्कल करायची. नाक दाबून ‘बंधू-भगिनींनो, आज सायंकाळी ठीक सहा वाजता’ असं सुरू केलं की मध्येच कर्णा खरखरायचा, गाडी खड्ड्यात आपटायची आणि ‘ठीक सहा’चं ‘ठी-ई-ईक’ व्हायचं. वर्ग लोळायचा. नलू तिच्या शेजारी बसायची, तिच्याबरोबर पाणी प्यायला जायची आणि शाळा सुटल्यावर प्रसूतिगृहाच्या दारापर्यंत तिला पोचवायची. इतकी जिवाची मैत्रीण तिला आधी कधी मिळाली नव्हती.

आता आंघोळीचं.

आत्या शाळेतून घरी आली की उंबऱ्याशी चपला काढायची आणि कुठंही हात न लावता सरळ मोरीत जायची. दुर्गानं बंबातलं पाणी बादलीत काढून ठेवलेलं असे, धुतलेलं लुगडं खुंटीवर असे. शाळेचं लुगडं मोरीच्या कोपऱ्यात पडायचं. मग आत्या ओल्या केसांनी स्वयंपाकघरात यायची आणि चहा घ्यायची. यात कुणी कुणाला काही म्हणत नसे. आई पाणी काढताना बोलत नसे, आत्या आत जाताना बोलत नसे, अप्पा त्या वेळी वर्तमानपत्र वाचत. घरात सगळ्यात शांततेची वेळ हीच.

नलूचा पहिला अंदाज असा की अंगावर पाणी घेतलं की बाईंची आत्या होते. अंदाज चांगला होता, पण टिकला नाही. मालन तापानं आठवडाभर शाळेत आली नाही, त्या आठवड्यात आत्या मोरीत गेलीच नाही. आल्या आल्या चुलीशी जाऊन चहा टाकी, नलूला जवळ घेई. मालन परतली त्या दिवशी बादली भरून तयार होती.

नलूनं आईला विचारलं. आईनं आधी लहान तोंडी मोठा घास घेऊ नये असं सांगितलं. नलूनं पुन्हा विचारलं. मग आई पोळी लाटता लाटता म्हणाली की अगं, मालनकडचं खाऊन येते ना ती, मग स्वयंपाकघरात शिरायचं म्हणजे. असतं तसं. अप्पांनी तिला नोकरीची परवानगी दिली ती याच बोलीवर, की बाहेर काय वाटेल ते कर, उंबऱ्याच्या आत आपलं जे आहे ते आहे.

“पण मीही खाते,” नलू म्हणाली.

“तू लहान आहेस. लहानांना चालतं.”

“कधीपर्यंत?”

“मोठी होईपर्यंत.”

नलूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मोठी माणसं चहा पितात, मोठी माणसं नऊवारी नेसतात, मोठी माणसं मालनची भाकरी खाऊन आंघोळ करतात. यात मालनचं काही वाईट असेल असं तिच्या मनातही आलं नाही. तिला दिसलं ते एवढंच, की घरातली एक मोठेपणाची गोष्ट आत्याला आहे आणि आपल्याला नाही.

ती हट्टाला पेटली. नऊ पूर्ण झाली, आता मी लहान नाही, मलाही पाणी काढ. दुर्गा हसली. अप्पांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हणाले, पोर न सांगता शहाणी झाली. याला म्हणतात रक्त. मग ठरलं, की येत्या सोमवारपासून नलूचीही बादली. आत्या तेव्हा वह्या तपासत होती. तिनं मान वर करून नलूकडे पाहिलं. पुढची वही उघडली.

ही बातमी जिवाच्या मैत्रिणीला सांगायची नाही तर कुणाला? दुसऱ्या दिवशी प्रसूतिगृहाच्या वाटेवर नलूनं मालनचा हात धरून सांगितलं की सोमवारपासून मी मोठी.

मालननं विचारलं, म्हणजे काय करणार?

“घरी गेल्यावर आंघोळ करायची. आत्या करते तशी.”

“कशाला?”

“तुझी भाकरी खाल्ली की करायची असते,” नलू म्हणाली. “मोठ्यांनी.”

मालन चालता चालता थांबली. मग तिनं बारीक बारीक प्रश्न विचारले. बाई रोज करतात का? पावसाळ्यात पण करणार? आणखी कुणाच्या डब्यातलं खाल्लं तर? नलूनं सगळ्याची खरी खरी उत्तरं दिली. आत्याला त्रास काहीच होत नाही, बंब मोठा आहे, हेही सांगितलं. उगाच मालनला काळजी नको. प्रसूतिगृहाच्या दाराशी मालननं हात सोडवून घेतला आणि मागं न बघता आत गेली. नलूला वाटलं, हिला अजून नऊ पूर्ण व्हायची आहेत, म्हणून हिरमुसली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत गोल झाला, डबे मध्ये आले. मालनचा आला नाही. तो तिनं मांडीवर धरून ठेवला होता. सुमतीबाईंनी हात पुढं केला, तो तसाच राहिला.

काय झालं, असं त्यांनी विचारलं. मालन मान खाली घालून बसली. बाईंनी जवळ जाऊन तिची हनुवटी उचलली, तेव्हा ती म्हणाली, “माझी भाकरी खाल्ली की तुम्ही घरी आंघोळ करता. नलू म्हणाली.”

वर्गातल्या मुलांनी बाईंकडे पाहिलं आणि मग नलूकडे पाहिलं. नलूला वाटलं, आता बाई समजावून सांगतील. बाईंना सगळं छान समजावून सांगता यायचं. ग्रहण का लागतं तेसुद्धा त्यांनी लिंबू आणि मेणबत्ती घेऊन सांगितलं होतं.

सुमतीबाईंनी चष्मा काढला, पण पुसला नाही. त्या नलूला म्हणाल्या, “नलू, आपल्या घरी असं काही होतं का?”

“हो बाई.”

“नीट आठवून सांग.”

“होतं ना. आई पाणी काढते. सोमवारपासून मी पण.”

बाईंनी चष्मा परत लावला. मग मुलांकडे वळून अगदी शांत आवाजात, भूगोल शिकवावा तशा, त्या म्हणाल्या की नलूला गोष्टी रचून सांगायची खोड आहे, घरीही सगळे जाणतात, तिच्या सांगण्यावर कुणी जाऊ नये. आणि नलूला म्हणाल्या, “उभी राहा. कान धर. मालनला सांग, मी खोटं बोलले.”

नलू उभी राहिली. तिला वाटलं, बाई आता हसतील. खोटं बोलू नये हे याच बाईंनी फळ्यावर महिनाभर सुविचार म्हणून लिहून ठेवलं होतं. त्यातला ‘खो’ नलूनंच रंगीत खडूनं गिरवला होता. बाई हसल्या नाहीत. त्यांच्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती, आणि ते नलूला रागापेक्षा भयंकर वाटलं. मोठं माणूस आपल्याकडे काहीतरी मागतंय आणि काय ते सांगत नाहीये.

तिनं कान धरले. म्हणाली, “मी खोटं बोलले.”

“मालनकडे बघून.”

तिनं मालनकडे बघून पुन्हा म्हटलं. मालननं तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. मग डबा मध्ये सरकवला. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि सगळ्यांना दिसेल असा खाल्ला. वर्गानं सुटकेचा श्वास टाकला. मागच्या बाकावरच्या शिवानं ‘खोटारडी नलू’ असं पुटपुटून घेतलं, आणि गोल पुन्हा जेवू लागला.

घरी जाताना दोघी एका छत्रीत होत्या. उंबऱ्याशी आत्यानं चपला काढल्या. नलूला वाटलं, आज नाही जायची. आज कशी जाईल? आत्या मोरीत गेली. कडी लागली. तांब्याचा आवाज आला.

नलू दाराला नाक लावून म्हणाली, “मी खोटं बोलले नव्हते.”

आतला आवाज थांबला. “माहीत आहे मला.”

“मग उद्या सांग तसं वर्गात.”

मग आत्या आतून बोलू लागली. म्हणाली की मालनच्या आईनं काय सांगितलं होतं, तू ऐकलं होतंस. हे कळलं तर ती मालनचं नाव काढील. मालननं शाळेत राहावं असं तुला वाटतं ना? मग एवढं सोसायचं. मला घरात अप्पांचं सांभाळायचं, शाळेत मालनचं सांभाळायचं. दोन्हीकडची मी एकटी. नलूनं मनात म्हटलं, एकटी कुठं, तुम्ही तर दोघी आहात. पण आज पहिल्यांदाच तिला नीटसं कळेना की दाराआड आहे ती कोण.

“खोटं तू बोललीस, तर कान माझे का?” तिनं विचारलं.

आत तांब्या पुन्हा बादलीत बुडला.

त्या रात्री नलूनं ठरवलं. वर्ग काही का म्हणेना. शिवा खोटारडी म्हणाला तर त्याच्या पाठीत गुद्दा घालता येतो. पण मालननं तिला खोटारडी समजणं तिला सोसवेना. मालनला खरं दाखवायचं. एकदा तिला पटलं की नलू खोटं बोलली नव्हती, की झालं. पुन्हा आपण शेजारी शेजारी, पुन्हा तो कर्णा, पुन्हा सगळं पहिल्यासारखं. याहून पुढचा विचार नऊ वर्षांच्या डोक्यात आला नाही, आणि तिच्याहून मोठ्या डोक्यांत तरी कुठं आला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिनं आत्याला पुढं जाऊ दिलं, मालनला पोचवून येते म्हणाली, आणि मालनला उलट्या बाजूनं चाळीत नेलं. मालन यायला तयार नव्हती. नलूनं तिला इतकंच सांगितलं, “एकदा बघ. मग बोलू नकोस हवं तर.”

गॅलरीत अप्पा आरामखुर्चीत होते. नातीची मैत्रीण बघून त्यांना आनंद झाला. कुणाची गं तू, राहतेस कुठं? मालननं सांगितलं, वरळी, बीडीडी. अप्पा ताडकन सरळ बसले. वा वा, म्हणाले, मोर्च्याला वरळीची माणसं सगळ्यांत पुढं; तुमच्यासारख्यांच्या जिवावर महाराष्ट्र उभा राहणार आहे, पोरी. कौतुकानं त्यांचा हात तिच्या डोक्यावर ठेवायला निघाला, अर्ध्या वाटेवर आला, आणि तिथून स्वतःचा चष्मा सारखा करायला गेला. चष्मा सारखाच होता.

आत मोरीत तांब्याचा आवाज येत होता. नलूनं मालनकडे पाहिलं. मालन ऐकत होती. आवाज थांबला, कडी निघाली, आणि ओल्या केसांची, घरचं लुगडं नेसलेली आत्या बाहेर आली. उंबऱ्यापलीकडे मालन उभी. मोरीच्या दाराशी शाळेचं निळं लुगडं बोळा होऊन पडलेलं.

आत्यानं पहिल्यांदा पायानं ते लुगडं आत सरकवलं. मग म्हणाली, “ये ना मालन. आत ये.”

“नको बाई,” मालन म्हणाली. “आई वाट बघत असेल.”

दुर्गा आतून चुरमुऱ्याचा लाडू घेऊन आली. मालननं तो घेतला नाही. भूक नाही म्हणाली. अप्पांना उद्देशून तिनं नमस्कार केला आणि जिना उतरली. नलू धावत तिच्या मागं.

“बघितलंस ना?” नलूला धाप लागली होती. “मी खोटं बोलले नव्हते.”

“नव्हतीस,” मालन म्हणाली.

नलूला इतकं हलकं वाटलं की ती पायरीवर एक उडी मारून उतरली. जिंकलो आपण. तिनं हात पुढं केला. पण मालनच्या एका हातात दप्तर होतं, दुसऱ्यात डबा होता, आणि ती दोन्ही तशीच घट्ट धरून चालत गेली.

शुक्रवारी मालन आली नाही. सोमवारी नलूनं तिला पाहिलं ते तिसरी ‘ब’च्या खिडकीतून. तात्या मास्तरांच्या वर्गात, तिसऱ्या बाकावर. सकाळी कमलाबाई हेडमास्तरांकडे येऊन गेल्या होत्या. भांडल्या नाहीत, नाव काढलं नाही, तक्रार लिहून दिली नाही. म्हणाल्या, पोरीला तुकडी बदलून पाहिजे. कुणाची, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, तिलाच विचारा. मालननं सांगितलं, तात्या मास्तरांची.

सगळ्या शाळेला आश्चर्य वाटलं. सर्वांत जास्त तात्या मास्तरांना. त्यांनी पोरीला समोर उभं करून आपला सगळा कायदा आधीच सांगून टाकला म्हणे, की हे बघ, मी कुणाच्या हातचं खात नाही, पीत नाही. तुझ्याही नाही आणि हेडमास्तरांच्याही नाही. एकोणतिसाचा पाढा येतो का? तिनं म्हटला. एकोणतीस नव्वेपाशी चुकली. मास्तरांनी इतरांना मारत तेवढीच एक छडी तिला मारली आणि बस म्हणाले.

मधल्या सुट्टीत नलूनं तिला नळाशी गाठलं.

“तू माझ्यावर का रागावलीस? मी तर खरं बोलले ना? वर्गात खोटं बोलले ते बाईंनी बोलायला लावलं. तुला घरी नेऊन दाखवलं मी.”

मालननं ओंजळीनं पाणी प्यायलं, तोंड पुसलं.

“बाईंनी लपवलं तरी,” ती म्हणाली. “त्यांना लाज वाटत होती. तू खूश होऊन सांगत होतीस.”

“मला कुठं माहीत होतं...”

“सोमवारपासून मी पण, म्हणालीस. हसत हसत.” मालननं डबा काखेत मारला. “आज सोमवार.”

आणि ती गेली. तिसरी ‘ब’मध्ये सगळी आपापल्या जागी बसून आपापला डबा खात होती, कपाटाआड मास्तर भिंतीकडे तोंड करून त्यांचा. मालन तिच्या बाकावर बसली आणि तिनं झाकण उघडलं. खिडकीतून लसणीचा वास आला.

इकडे ‘अ’ तुकडीत गोल झालेला होता. सुमतीबाईंनी त्या दिवशी पहिला हात कुणाच्याच डब्यात घातला नाही; मुलं आपली आपण सुरू झाली. त्यांना कुणी काही विचारलं नाही. वर्गात आता भेदभाव औषधालाही उरला नव्हता, कारण करायचा कुणाशी, हा प्रश्न होता. हेडमास्तर दारावरून जाताना क्षणभर थांबले, गोलाकडे कौतुकानं पाहिलं आणि मान डोलावून पुढं गेले. नलू दाराशी उभी होती. बाईंनी तिला हातानं जवळ बोलावलं. ती गेली नाही. एवढ्या वर्षांत बाईंनी बोलावलं आणि नलू गेली नाही, असं झालं नव्हतं.

घरी दुर्गानं दोन बादल्या काढून ठेवल्या होत्या. एक मोठी, एक छोटी. छोटीच्या कडेला नवा तांब्या होता. अप्पांनी मुद्दाम बाजारातून आणलेला, नातीचं नाव घालून. आत्या आली, तिनं चपला काढल्या आणि दोन्ही बादल्यांकडे पाहत उभी राहिली.

“राहू दे, वहिनी,” ती म्हणाली. “आजपासून नको.”

दुर्गानं का म्हणून विचारलं, आणि मालन दुसऱ्या तुकडीत गेल्याचं कळल्यावर तिचा चेहरा उजळला. बंबाची लाकडं वाचली. अप्पांनीही वर्तमानपत्राआडून हुंकार भरला. आपलं आपल्यापाशी, त्यांचं त्यांच्यापाशी, कुणी दुखावलं नाही, बरं झालं. दुर्गानं तापलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून कपडे भिजवायला घेतले. आत्या स्वयंपाकघरात गेली, चहा टाकला आणि नेहमीसारखी हाक मारली, “नलू, ये. बशीत देते.”

नलू गॅलरीत होती. खालून समितीची लॉरी चालली होती आणि कर्ण्यावरचा माणूस ठीक सहा वाजता कुठंतरी जमायला सांगत होता. कुठं ते खरखरीत ऐकू आलं नाही. आत्यानं दुसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली.

नलू तरी वळली नाही. आत चहा निवत गेला आणि त्यावर साय धरली.